नाव पीडीएफ, आत फोटो

माझी जन्मतारीख १ जून. आमच्या यजमानांचीही १ जून. शाळेत होते तेव्हा एकदा शिक्षकखोलीत गप्पांच्या ओघात मोजलं, तर सतरा जणांपैकी सहा जण १ जूनचे निघाले! माझ्या वयाच्या वाचकांना याचं नवल वाटणार नाही. तरुण मंडळींसाठी सांगते.

आमच्या लहानपणी खेड्यात जन्माची नोंद कोण करतंय? वडील पोराला धरून शाळेत नेत. मास्तर विचारत, "जन्म कधीचा?" वडील सांगत, "पालख्या पंढरीला गेल्या होत्या बघा, त्या वक्ताला." मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी झाली! शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून रजिस्टरात १ जून लिहिलं की हिशेब सोपा. माझा खरा जन्म आषाढातला. पण रजिस्टरातला १ जून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गेला, तिथून एस.एस.सी.च्या प्रमाणपत्रावर, तिथून सेवापुस्तकात, तिथून पेन्शनच्या कागदांवर आणि शेवटी आधार कार्डावर. एका मास्तरांच्या अंदाजाला पाच कागदांचं पाठबळ मिळालं. नियमाप्रमाणे मी ३१ मेला निवृत्त झाले.

हे सगळं आज आठवायचं कारण मात्र वेगळंच आहे. ते म्हणजे संगणकातली एक फाइल, आणि माझ्या हातून झालेली एक चूक. चूक आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचा इतिहास का शोधत बसले ते कळेल.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, नर्सिंगला प्रवेश मिळाला. एका संस्थेची शिष्यवृत्ती होती, वर्षाला पंधरा हजार. अर्ज ऑनलाइन भरायचा. पोरीनं आणि मी मिळून तो माझ्या संगणकावर भरला. शेवटचा दिवस, रात्रीचे दहा वाजलेले. गुणपत्रिका पीडीएफमध्येच हवी होती आणि आमच्याकडे होता मोबाइलवर काढलेला फोटो. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि जेपीजी असं होतं. मी म्हटलं, त्यात काय! जेपीजी खोडलं आणि तिथं पीडीएफ लिहिलं. संगणकानं विचारलंसुद्धा, की असा बदल केलात तर फाइल निकामी होऊ शकते, करायचा का? मी 'होय' दाबलं. संस्थेच्या वेबसाइटनं फाइल घेतली, हिरवी खूण दाखवली, पोचपावतीचा क्रमांक दिला. पोरगी पाया पडून घरी गेली.

अडीच महिन्यांनी यादी लागली. तिचं नाव नव्हतं. फोन केला तेव्हा कळलं, "गुणपत्रिका उघडत नाही, अर्ज अपूर्ण." मुदत केव्हाच संपलेली.

माझा भाचा पुण्यात वेबसाइटी बांधायचं काम करतो. त्याला रात्री फोन करून सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझा आवाज ऐकून गप्प झाला. म्हणाला, "मावशी, पाटी बदलली म्हणून दुकान बदलतं का गं? पण तुझ्याइतकीच चूक त्या साइटवाल्यांची आहे. त्यांनी फाइल आत डोकावून बघायला हवी होती. निदान पहिले चार बाइट!"

"पहिले चार बाइट म्हणजे काय रे?"

तिथून सुरुवात झाली. मी इतिहासाची बाई. कुठलीही गोष्ट 'हे असं का?' वरून 'हे असं कधीपासून?' वर नेल्याशिवाय मला चैन पडत नाही. भाचा सांगत गेला, मी वहीत टिपत गेले, वाचत गेले. चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आधी एक साधी गोष्ट. संगणकाच्या लेखी कुठलीही फाइल म्हणजे नुसती आकड्यांची रांग. ० ते २५५ मधला एकेक आकडा, म्हणजे एकेक बाइट. लताबाईंचं गाणं असो, लग्नाचा फोटो असो की पेन्शनचा कागद असो, आत सगळी आकड्यांचीच रांग! मग ही रांग म्हणजे चित्र की गाणं, हे ओळखायचं कसं? गेल्या साठेक वर्षांत त्याला तीन उत्तरं मिळाली. एक, नाव बघा. दोन, आणणाऱ्याला विचारा. तीन, आत डोकावून बघा.

नावाची गोष्ट पहिली. नावाला टिंब देऊन शेपूट लावायची चाल साठच्या दशकात डेक या अमेरिकन कंपनीच्या यंत्रांवर होती. १९७४ मध्ये गॅरी किल्डाल यांनी छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही प्रणाली रचली, तेव्हा तीच चाल उचलली. आठ अक्षरांचं नाव, टिंब, तीन अक्षरांचं शेपूट. १९८१ च्या एमएस-डॉसनं ती सीपी/एमकडून घेतली आणि विंडोजनं डॉसकडून. म्हणजे मी त्या रात्री जे शेपूट बदललं, ती माझ्या तरुणपणापासून चालत आलेली वहिवाट!

शेपूट सोयीचं खरंच आहे. माणसाला वाचता येतं. पण ते कोणीही बदलू शकतं, माझ्यासारखी भाबडी म्हातारी आणि लबाड चोर, दोघंही. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' व्हायरस आठवतो का? ई-पत्राला एक जोडपत्र असे, प्रेमपत्र म्हणून. नावाच्या शेवटी टीएक्सटी दिसे, म्हणजे साधा मजकूर. खरं तर त्यापुढे आणखी एक शेपूट होतं, व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. विंडोज ओळखीची शेपटं लपवून ठेवत असे, त्यामुळे खरं शेपूट कोणाला दिसलंच नाही. जगभरात लाखो संगणकांवर लोकांनी ते प्रेमपत्र उघडलं.

'आत डोकावून बघा' हे उत्तरही जुनंच आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स ही प्रणाली तयार होत होती. तिच्या लेखी शेपटाला काही किंमत नव्हती, नाव काय वाटेल ते ठेवा. १९७३ साली युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत 'फाइल' नावाचीच एक आज्ञा आली. ती दिली की यंत्र फाइलची सुरुवात वाचून सांगणार, हा प्रोग्रॅम दिसतो, हा इंग्रजी मजकूर दिसतो. 'आहे' म्हणण्यापेक्षा 'दिसतो' म्हणणारी ही आज्ञा मला फार सज्जन वाटली.

ती कशावरून ओळखत असे? प्रोग्रॅमच्या फाइलच्या सुरुवातीला अष्टमान पद्धतीतला ४०७ हा आकडा असे. मुळात ती पीडीपी-११ या यंत्राला दिलेली आज्ञा होती, की 'पहिला माहितीचा भाग ओलांडून थेट कामाच्या जागी उडी मार'. पुढे त्या उडीची गरज उरली नाही, पण आकडा राहिला आणि ओळखीची खूण झाला. असल्या आकड्यांना 'मॅजिक नंबर' असं नाव पडलं. जादूचा आकडा! आपल्याकडे वेशीवरचा दगड कशासाठी बसवला ते गाव विसरतं, पण पत्ता सांगताना 'त्या दगडापासून डावीकडे' असंच सांगतं, तसलाच प्रकार.

मग ज्यानं त्यानं आपापल्या फाइलच्या सुरुवातीला खूण घालायला घेतली, आणि इथं मला अगदी नाणी आणि ताम्रपट वाचल्याचा आनंद झाला. विंडोजमधला चालणारा प्रोग्रॅम उघडून बघा, पहिली दोन अक्षरं एम आणि झेड. ती मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. झिप फाइलची सुरुवात पी आणि के, म्हणजे फिल कॅट्झ. १९८९ साली त्यांनी हा प्रकार काढला, २००० साली ऐन सदतिशीत वारले. त्यांची आद्याक्षरं मात्र आजही रोज कोट्यवधी फाइलींच्या डोक्यावर असतात, कारण वर्ड आणि एक्सेलच्या आताच्या फाइली आतून झिपच आहेत. पीडीएफची सुरुवात टक्क्याची खूण आणि पीडीएफ ही तीन अक्षरं, आकड्यांत ३७, ८०, ६८, ७०. जेपीजी फोटोची सुरुवात २५५, २१६, २५५. भाच्यानं माझी ती फाइल मागवून घेतली आणि पहिले आकडे वाचून दाखवले. २५५, २१६, २५५... नाव पीडीएफ, आत फोटो. चोरी पकडल्यासारखं झालं मला.

सगळ्यात विचार करून रचलेली खूण पीएनजी या चित्रप्रकाराची. १९९६ साली तिचा आराखडा पक्का झाला. आठ बाइटांची खूण, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक बाइट कामाचा. पहिला आकडा १३७. तो साध्या इंग्रजी अक्षरांच्या मर्यादेबाहेरचा, म्हणजे वाटेत कुठल्या जुन्या यंत्रानं बाइटाचा आठवा भाग छाटला तर लगेच कळावं. मग पी, एन, जी. पुढचे आकडे असे, की वाटेत कोणी ओळ संपल्याच्या खुणा बदलल्या तर खूणच मोडावी. नुसतं 'मी कोण' एवढंच ती सांगत नाही, 'मी धडपणे पोचले का' हेही सांगते.

या खुणांची यादी करणारेही निघाले. १९८६-८७ च्या सुमारास कॅनडातल्या इयन डार्विन यांनी ती 'फाइल' आज्ञा पुन्हा नव्यानं लिहिली आणि सगळ्यांना मोकळी करून दिली. आज लिनक्सवर जी चालते ती त्याच घराण्यातली. खुणांची वही वेगळी असते, नवा प्रकार आला की वहीत एक ओळ वाढते.

आता राहिलं दुसरं उत्तर, आणणाऱ्याला विचारा. ते आलं टपालातून, म्हणजे ई-टपालातून. आधी ई-पत्रातून फक्त साधा इंग्रजी मजकूर जाई. नॅथानिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी जून १९९२ मध्ये 'माइम' नावाचा नियम प्रसिद्ध केला. पत्राबरोबर काहीही पाठवा, फक्त त्यावर एक चिठ्ठी डकवा. चित्र असेल तर 'इमेज' आणि पुढे कुठल्या प्रकारचं चित्र ते, गाणं असेल तर 'ऑडिओ'. मग वेबनंही हीच चिठ्ठी उचलली. कुठलंही पान तुमच्यापर्यंत येतं तेव्हा त्याच्या डोक्यावर ही चिठ्ठी असते.

आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतल्या नेबेल आणि मॅसिंटर या दोघांनी आपल्यासारख्यांना उलट दिशेनं फाइल पाठवायची सोय मांडली, तीच आजची 'अपलोड'. त्यात तुमचा ब्राउझर फाइलबरोबर दोन गोष्टी पाठवतो. एक तिचं नाव आणि दुसरी ती चिठ्ठी.

इथं मी भाच्याला थांबवलं. म्हटलं, "मग माझ्या फाइलबरोबरही चिठ्ठी गेली असणार. चिठ्ठीत तरी खरं लिहिलं असेल ना?"

तो म्हणाला, "मावशी, ब्राउझर चिठ्ठी कशावरून लिहितो? बहुतेक वेळा फाइलच्या शेपटावरूनच!"

मी वही मिटून ठेवली. ही तर माझ्या १ जूनचीच गोष्ट. दाखला, प्रमाणपत्र, सेवापुस्तक, आधार. कागद पाच, पण साक्षीदार एकच, आणि त्यानंही अंदाजच केलेला. एकमेकांवरून उतरवलेले दहा कागद म्हणजे दहा पुरावे नव्हेत, एकच पुरावा, हे मी नववीच्या वर्गात किती वर्षं शिकवलं! आणि त्या रात्री हिरवी खूण बघून झोपायला गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, कोणाचं ऐकू नका, सरळ आत बघा. पण इथंही इतिहास वाकडा आहे.

सुरुवातीच्या काळात कितीतरी सर्व्हर चिठ्ठ्या चुकीच्या लावत. काय आहे ते कळलं नाही की 'साधा मजकूर' असं लिहून मोकळे. मग चित्राऐवजी पडद्यावर अगम्य अक्षरांचा सडा पडे. म्हणून ब्राउझर स्वतःच हुंगायला लागले. इंटरनेट एक्स्प्लोरर तर सुरुवातीचे २५६ बाइट हुंगून स्वतःच ठरवी, की चिठ्ठीत काही असो, हे मला वेबपान वाटतं. हेतू चांगलाच होता. पण त्यातून नवा दरोडा निघाला. चित्राच्या नावाखाली अशी फाइल चढवायची, की साइटला ती चित्र वाटावी आणि पुढे बघणाऱ्याच्या ब्राउझरला वेबपान वाटावी. ब्राउझर ते पान चालवणार, आणि आतला प्रोग्रॅम बघणाऱ्याच्या नावानं वाटेल ते करणार.

२००९ साली बार्थ, कबाल्येरो आणि साँग या अमेरिकेतल्या विद्यापीठांमधल्या तिघांनी यावर एक निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण वाचून मी एकटीच हसत बसले. परिषदेला निबंध पाठवणारा एक लबाड लेखक आपली फाइल अशी रचतो, की ती निबंधही आहे आणि वेबपानही. परीक्षक ती आपल्या ब्राउझरमध्ये उघडतो आणि आतला मजकूर परीक्षकाच्या नावानं स्वतःलाच उत्तम गुण देऊन टाकतो! जन्मभर पेपर तपासलेल्या बाईला यापुढे आणखी काय सांगायला हवं? असल्या फाइलींना त्यांनी सरड्याचं नाव दिलंय. त्याच सुमाराला, २००८-०९ मध्ये, इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीत एक नवी सूचना आली, 'नोस्निफ', म्हणजे हुंगू नका, चिठ्ठीत लिहिलंय तेच माना. आज ती सूचना सगळे ब्राउझर पाळतात.

थोडक्यात, गोंधळ होतो तो दोन तपासनीस दोन वेगळ्या गोष्टींवर विश्वास ठेवतात म्हणून. एक नाव बघतो, दुसरा आत बघतो. तेव्हा बघायचं ते एकदा, दाराशीच, नीट बघावं, आणि जे ठरेल ते पुढे सगळ्यांनी मानावं. हे दाराशी बघायचं काम आता फ्रेमवर्क नावाच्या गोष्टीकडे आलंय.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. खातं उघडणं, अर्ज घेणं, फाइल ठेवणं, ही नेहमीची कामं त्यात आधीच करून ठेवलेली असतात. पीएचपी या भाषेची अधिकृत माहितीपुस्तिकाच सांगते, की ब्राउझरनं पाठवलेला फाइलचा प्रकार आम्ही तपासलेला नाही, त्यावर विसंबू नका. २००९ पासून त्या भाषेत आत डोकावून बघायची सोय अंगचीच आहे. लाराव्हेल या तिच्या फ्रेमवर्कमध्ये तुम्ही नियमात लिहिता 'पीडीएफ हवी', पण फ्रेमवर्क आतला मजकूर वाचून ठरवतं.

भाचा काम करतो ते फ्रेमवर्क रेल्स. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हान्सन यांनी २००४ मध्ये ते खुलं केलं. रेल्समध्ये फाइली घ्यायला लोक बरीच वर्षं पेपरक्लिप नावाची जोडणी वापरत. २०१४ मध्ये तिच्या चौथ्या आवृत्तीनं नियम कडक केला. फाइल आली की ती बेल लॅब्सच्या वंशातली 'फाइल' आज्ञा चालवायची, आणि आतलं आणि नावातलं जुळलं नाही तर फाइल दारातूनच परत. एकेचाळीस वर्षांपूर्वीची आज्ञा दारवान म्हणून उभी राहिली! कुरकुर झालीच. ज्या विंडोज यंत्रांवर ती आज्ञा नव्हती तिथं ती वेगळी बसवावी लागे.

२०१८ मध्ये रेल्सच्या ५.२ या आवृत्तीत फाइली ठेवायची सोय घरचीच आली आणि तिच्याबरोबर ओळख पटवणारी मार्सेल नावाची छोटी जोडणी. मार्सेलचा क्रम मला फार आवडला. आधी आतले जादूचे आकडे बघायचे. त्यांवरून कळलं नाही तर नाव. तेही कामाचं नसेल तर चिठ्ठी. आणि काहीच कळलं नाही तर प्रामाणिकपणे 'नुसते बाइट आहेत' म्हणायचं. अपवादही तिला माहीत आहेत. चित्रकारांच्या इलस्ट्रेटर फाइलची सुरुवात पीडीएफसारखीच असते, तिथं ती आतलं आणि नाव दोन्ही मिळून बघते. कुठल्या साक्षीदाराला कितपत मानायचं याचा असा नेमका क्रम मी आमच्या बी.ए.च्या पुस्तकांतसुद्धा वाचल्याचं आठवत नाही.

पण या मार्सेलचीही एकदा फजिती झाली, आणि तीही कागदपत्रांवरूनच! खुणांची यादी ती माइममॅजिक नावाच्या दुसऱ्या जोडणीकडून घेई. मार्च २०२१ मध्ये लक्षात आलं, की माइममॅजिकमधली यादी मुळात तिसरीकडची आहे आणि तिच्यावर जीपीएल हा परवाना आहे. माइममॅजिक मात्र एमआयटी या सैल परवान्याचं लेबल लावून वाटली जात होती. म्हणजे जगातल्या फाइलींची लेबलं तपासणारी, आणि तिच्या स्वतःच्या अंगावरचं लेबल चुकीचं! करणाऱ्यानं जुन्या आवृत्त्या काढून घेतल्या आणि त्या २४ मार्चला जगभर रेल्सची कामं अडली. नवीन यंत्रावर रेल्स बसवायला जावं तर हा एक तुकडाच मिळेना. भाचा सांगतो, त्या दिवशी त्यांचं ऑफिस बंद पडल्यातच जमा होतं. दोन दिवसांत मार्सेलच्या कर्त्यांनी अपाचे टिका या दुसऱ्या प्रकल्पाची यादी घेतली आणि रेल्सच्या नव्या आवृत्त्या निघाल्या.

आणि इतकं करूनही काही फाइली अशा असतात, की त्यांना खूणच नसते. साधा मजकूर हा त्यातला पहिला. आमच्या शाळेच्या नव्वदच्या दशकातल्या वार्षिक अंकाच्या फाइली माझ्याकडे आहेत, छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. यंत्र म्हणतं, हा इंग्रजी मजकूर दिसतो. त्याचं काय चुकलं? आतले आकडे लॅटिन अक्षरांचेच आहेत, मराठी होती ती फक्त फॉन्टमध्ये. फॉन्ट गेला, मराठी गेली. याउलट आज तुम्ही वाचताय ती युनिकोड मराठी. तिचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं, आणि पहिले दोन आकडे २२४, १६४ किंवा २२४, १६५. आपली लिपी फॉन्टच्या अंगरख्यावरून न ओळखता आतल्या आकड्यांवरून ओळखली जाते, हे वाचून मला उगाचच भरून आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलनं मॅजिका नावाचं साधन खुलं केलं. शिकलेलं यंत्र मजकुराच्या ढंगावरून शंभराहून अधिक प्रकार ओळखतं. तेही शेवटी अंदाजच करतं, फक्त पुष्कळ पाहिलेल्या माणसासारखा.

असो. माझ्या चुकीकडे परत येते.

भाच्याला मी शेवटी विचारलं, की त्या संस्थेची साइट जुन्या पद्धतीची असेल, म्हणून फसली असेल का? तो म्हणाला, "तसंच काही नाही. फ्रेमवर्क ओळखून देतं गं, पण ओळखल्यावर नाकारायचं की नाही हा नियम बांधणाऱ्यानं लिहायचा असतो. आत काय आहे ते कदाचित यंत्राला माहीतही असेल, त्याला विचारलंच नसेल कोणी."

हे वाक्य मला लागलं. दाराशी नाकारणं म्हणजे अपमान, असं आपल्याला वाटतं. त्या रात्री साइटनं 'ही पीडीएफ नाही, हा फोटो आहे' एवढं म्हटलं असतं, तर मी चिडले असते, भाच्याला फोन केला असता, आणि साडेदहापर्यंत खरी पीडीएफ चढली असती. गोड हिरवी खूण दाखवून अडीच महिन्यांनी नाकारण्यापेक्षा ते किती दयेचं झालं असतं! शाळेत मीही काही मुलांना असंच केलंय. वाचता येत नाही हे दिसत असून वरच्या वर्गात ढकललंय, कारण खालच्या वर्गाच्या निकालपत्रावर 'पास' लिहिलं होतं. ती मुलं पुढे कुठल्या दारात अडली असतील, कोण जाणे.

पोरीची फी पहिल्या वर्षी तिच्या आईनं कानातले गहाण टाकून भरली. मला हे दिवाळीत कळलं, कान मोकळे दिसले म्हणून विचारलं तेव्हा. मी पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. मग मी त्यांना बसवून सगळं सांगितलं, की अर्ज संस्थेनं नाही, माझ्यामुळे गेला, फाइलचं नाव मी बदललं. त्या ऐकून घेत होत्या, पण पटत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "असू द्या बाई. तुमच्या हातून कशी होईल चूक? तुम्ही शाळेत शिकवलेल्या."

त्यांचा माझ्या नावावर विश्वास होता. आतले आकडे मी दाखवत होते तरी.

दुसऱ्या वर्षी अर्ज पुन्हा भरला. गुणपत्रिका नीट स्कॅन केली. चढवण्याआधी पोरीनं स्वतः ती फाइल तिच्या मोबाइलवर उघडून बघितली आणि मगच बटण दाबलं. मी काही सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच केलं. शिष्यवृत्ती मिळाली, कानातले सुटून आले. आता ती एका दवाखान्यात कामाला आहे. परवा येऊन सांगत होती, की इंजेक्शन देण्याआधी बाटलीवरचं नाव तीनदा वाचायला शिकवतात. मी म्हटलं, "शाब्बास!"

तुमच्यापैकी १ जूनवाले किती आहेत, ते जरूर कळवा. आणि घरात कोणी असा अर्ज भरत असेल तर त्याला सांगा, चढवलेली फाइल एकदा उघडून बघ रे बाबा. हिरव्या खुणेवर जाऊ नकोस.